सदुसष्ट उत्तरं

‘आयोग’ हा शब्द कानावर पडला की आपल्याकडच्या बायका विषय बदलतात आणि पुरुष हसतात. आयोग म्हणजे निवृत्त न्यायाधीशांची सोय. आयोग म्हणजे कपाटात धूळ खात पडलेले जाडजूड अहवाल. आयोग म्हणजे सरकारनं वेळ काढायचा मार्ग. काचीगुड्यात आमच्या ओळखीपाळखीच्या दुकानदारांत, सीएंच्या घरांत, स्थानकात व्याख्यानानंतर बाहेर उभं राहून बोलणाऱ्यांत हे मत इतकं पक्कं आहे की त्यावर कुणी वाद घालत नाही. मला घालायचा आहे. मी वकील नाही. बी. ए. झालेली गृहिणी आहे. पण या देशात मुलीला वडिलांच्या घरात मुलाइतका वाटा मिळाला तो अशाच एका हसण्यावारी नेलेल्या आयोगाच्या कागदातून, हे मला माहीत आहे. आणि ज्यांना तो वाटा मिळाला त्यांनीच ते कागद वाचायचे नाहीत, हे मला पटत नाही.

आधी गोष्ट नीट सांगते. 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा आपल्यालाही लागू आहे. ‘आपण हिंदू नाही, जैन आहोत, आपला त्याच्याशी काय संबंध?’ असं आपल्यातले काही भाऊ ऐनवेळी म्हणतात, विशेषतः 27 जानेवारी 2014 रोजी आपल्याला अल्पसंख्याक दर्जा मिळाल्यापासून. त्यांना सांगा, कायद्याच्या कलम 2 मध्ये बौद्ध, जैन आणि शीख अशी स्पष्ट नावं घातलेली आहेत. दर्जा मिळाला म्हणून बहिणीचा हक्क उडत नाही.

तर या 1956 च्या कायद्यानं मुलीला वडिलांच्या स्वतःच्या कमाईत वाटा दिला, पण वडिलोपार्जित मिळकत जिथल्या तिथे ठेवली. तिथे मुलगा जन्मतःच भागीदार, मुलगी मात्र नाही. शिवाय कलम 23 असं होतं की राहत्या घराची वाटणी मुलीनं मागायचीच नाही, भावांना वाटेल तेव्हाच ती होणार. त्या घरात राहायचा हक्कसुद्धा फक्त अविवाहित, विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या किंवा त्याच्यापासून वेगळ्या झालेल्या मुलीला. म्हणजे माहेरी जागा हवी असेल तर आधी संसार मोडायला हवा!

हे बदलायला सुरुवात झाली ती दिल्लीत नव्हे, दक्षिणेत. केरळनं 1975 साली एकत्र कुटुंबाची पद्धतच कायद्यानं मोडीत काढली. त्यानंतर मुलीला जन्मतः वाटा देणारं पहिलं राज्य आपलं आंध्र प्रदेश. कायदा झाला 1986 साली, लागू धरला 5 सप्टेंबर 1985 पासून. महाराष्ट्रानं आणि कर्नाटकानं 1994 साली तेच केलं. आता आपल्या समाजाकडे बघा. आपली सोयरीक हैदराबाद, जालना, नगर, इंदूर अशी पसरलेली. एकाच गोत्रातल्या, एकाच वयाच्या तीन चुलतबहिणी धरा. हैदराबादच्या घरातली 1985 पासून भागीदार, जालन्याची 1994 पासून, आणि इंदूरची? तिला थेट 2005 पर्यंत काही नाही. आणि पहिल्या दोघींपैकी ज्या बहिणीचं लग्न आपापल्या राज्यातल्या त्या तारखेच्या आधी लागलं असेल ती बाद. घराचा धर्म एक, रीत एक, उंबरठा ओलांडताना म्हणायचा नवकार एक, आणि हक्क मात्र पिनकोडवर!

हा गोंधळ दिसला कुणाला? खासदारांना दिसायला हवा होता. पण खासदाराला मतं हवी असतात, आणि घरात मतं वडिलांची, भावांची, नवऱ्याचीही असतात. मुलीला वाटा देऊन कुणाची मतं वाढत नाहीत, काहींची कमीच होतात. कोर्टानं लक्ष घालावं म्हटलं तर कोर्टापुढे जो खटला येतो तेवढाच ते बघतं, आणि भावाविरुद्ध खटला भरायला किती बहिणी निघतात हे मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा हा प्रश्न विचारायला असं कुणीतरी लागतं ज्याला पुढच्या वर्षी निवडून यायचं नाही आणि ज्याच्यापुढे एका घराचा नव्हे तर साऱ्या घरांचा हिशेब आहे.

ते काम भारताच्या विधी आयोगानं केलं. 15 व्या आयोगाचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी. आपल्याच आंध्र प्रदेशाच्या उच्च न्यायालयात त्यांनी न्यायदान केलेलं, म्हणजे 1986 चा कायदा त्यांनी जवळून पाहिलेला. सदस्यांत लीला सेठ होत्या, देशातल्या उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश. हा विषय आयोगाला सरकारनं दिलेला नव्हता, त्यांनी तो आपण होऊन हाती घेतला. राज्यांचे कायदे शेजारी शेजारी मांडले, प्रश्नावली काढली, 1999 च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या आय. एल. एस. विधी महाविद्यालयात दोन दिवस कार्यशाळा घेतली. मे 2000 मध्ये 174 वा अहवाल दिला: मुलीला मुलासारखंच जन्मतः भागीदार करा आणि कलम 23 काढून टाका.

याच पुण्याच्या महाविद्यालयाची आणखी एक गाठ आहे. ते 1924 साली सुरू झालं आणि त्याच्या संस्थापकांतले प्राचार्य होते ज. र. घारपुरे. डॉ. गोपाळराव देशमुखांच्या 1937 च्या कायद्यानं विधवेला मुलाबरोबर वाटा दिला, पण तो तिच्या हयातीपुरता, आणि मुलीला तर काहीच नाही. त्यातली गुंतागुंत सोडवायला 1941 साली सर बी. एन. राव यांची समिती नेमली गेली. घारपुरे तिचे सदस्य होते. समिती गावोगाव फिरली, सनातन्यांचं ऐकलं, सुधारकांचं ऐकलं, स्त्रियांच्या संस्थांचं ऐकलं, आणि म्हणाली की मुलगाच जन्मतः हक्कदार हा नियम काढून टाका आणि मुलीलाही वारस करा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो मसुदा आणखी पुढे नेला. संसदेनं तो अडवून ठेवला, आणि 1951 साली त्यांनी मंत्रिपद सोडलं. 1956 साली कायदा आला तो निम्मा. उरलेला निम्मा 2005 साली आला. 1941 ते 2005! अहवाल धूळ खात पडतात म्हणणाऱ्यांना मी म्हणते, हो, पडतात. पण पडलेले असतात म्हणूनच कुणीतरी नंतर ते उचलू शकतं. जे लिहिलंच नाही त्यावर धूळही बसत नाही.

आता ते सदुसष्ट. 15 व्या आयोगानं देशभरातून मतं मागवली. मिळकत कोणाची, घर कोणाचं, मृत्युपत्रानं मुलीला डावलू द्यावं का, असे प्रश्न. कोट्यवधी घरांच्या वाटणीचा मामला. उत्तरं आली 67. त्यातली 30 कायद्याच्या पेशातल्या लोकांची. राहिले 37. त्यात समाजशास्त्रज्ञ आले, संस्था आल्या. भारतातल्या सगळ्या लेकी, सुना, आया मिळून एका बसमध्ये मावतील इतकीसुद्धा माणसं बोलली नाहीत.

याच लीला सेठ पुढे न्यायमूर्ती वर्मा समितीत होत्या. दिल्लीच्या त्या भयंकर घटनेनंतर 23 डिसेंबर 2012 रोजी समिती नेमली, 23 जानेवारी 2013 रोजी अहवाल आला. महिन्याभरात सुमारे 80,000 सूचना आल्या होत्या. म्हणजे लोकांना लिहिता येतं. रस्त्यावरच्या अत्याचाराबद्दल आपण लिहिलं, बोललो, मेणबत्त्या घेऊन उभ्या राहिलो. घरातल्या वाटणीबद्दल मात्र तोंडाला कुलूप. कारण तिथे समोर अनोळखी गुंड नसतो, राखी बांधलेला भाऊ असतो.

आणि मग आपल्याकडचं ठेवणीतलं अस्त्र बाहेर येतं: अपरिग्रह. ‘बाई, तुला काय कमी आहे? दिल्या घरी सुखी आहेस. धर्म काय सांगतो, संग्रह करू नये.’ हक्कसोडपत्रावर सही करताना कितीजणींनी हे ऐकलं असेल! मी विचारते, हा उपदेश भावाला का नाही? पाच अणुव्रतं श्रावकालाही आहेत आणि श्राविकेलाही. दुकान, गोदाम, मोंढ्यातली जागा, एच. यू. एफ.चं खातं हे सगळं त्याच्या नावावर राहिलं तर तो व्यवहार, आणि तिनं चौथा हिस्सा मागितला तर तो लोभ? त्यात आणखी एक गंमत आहे. जे आपलं असतं त्याचाच त्याग होतो. ज्यावर हक्कच नव्हता ते ‘सोडलं’ असं म्हणता येत नाही. आधी सातबाऱ्यावर, दस्तावर नाव येऊ द्या. मग एखादीला खरोखर भावासाठी, गोशाळेसाठी, साधर्मिक भक्तीसाठी सोडावंसं वाटलं तर ती सोडेल, आणि त्याला दान म्हणता येईल.

परंपरेचं म्हणाल तर आपली परंपरा इतकी कोती नव्हती. 1878 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे एका जैन विधवेचा खटला गेला होता. जैनांतली रूढी पुराव्यानं सिद्ध झाली की मूल नसलेल्या विधवेला नवऱ्याच्या स्वकष्टाच्या मिळकतीवर पूर्ण हक्क असतो आणि दत्तक घ्यायला तिला नवऱ्याची परवानगी लागत नाही. त्या काळच्या हिंदू विधवेला मिळकतीवर असा पूर्ण हक्क नव्हता. आपल्या पणज्यांची ही कमाई. तिची आठवण व्याख्यानात कुणी काढत नाही.

‘कायद्यानं घरं मोडतात’ हा आणखी एक आक्षेप. मी उलट पाहिलं आहे. जिथे वाटा कायद्यानं ठरलेला असतो तिथे भांडायला जागा कमी उरते. जिथे तो भावाच्या मर्जीवर असतो तिथे भाऊबीजेच्या साडीवरून, मायऱ्याच्या ताटावरून, कुणाच्या मुलीला किती तोळे घातले त्यावरून जन्मभर कुढणं चालतं. घर मोडतं ते अन्यायानं. कायदा फक्त तो उघड करतो.

आयोगाचं सगळंच बरोबर असतं असंही मी म्हणत नाही. त्याच 174 व्या अहवालात एक मोठी खोट होती. कायदा येण्याआधी लग्न झालेल्या मुलींना वाटा देऊ नये, असंच आयोगानंही सुचवलं होतं. आंध्र आणि महाराष्ट्राच्या कायद्यातली तीच मेख. डिसेंबर 2004 मध्ये राज्यसभेत विधेयक आलं तेही तसंच. मग ते संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं, स्त्रियांच्या संघटनांनी आणि बीना अगरवालांसारख्या अभ्यासकांनी त्यावर लिहिलं, रेटा लावला. 9 सप्टेंबर 2005 रोजी कायदा लागू झाला तेव्हा विवाहितांना बाद करणारी ती अट गळाली होती, आणि शेतजमिनीला वगळणारं पोटकलमही गेलं होतं. पुढे 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वडील 2005 साली हयात असण्याचीही अट नाही. म्हणजे आयोगानं दार उघडलं, पण अर्धंच. पूर्ण उघडलं ते बाहेरून ढकललं तेव्हा. सल्ला देणाऱ्या मंडळाचा उपयोग हाच असतो. ते मत मांडतं, कारणं देतं, छापतं, आणि मग ते मत खोडून काढायलाही कुणाला तरी कारणं द्यावी लागतात. आपला अनेकांतवाद तरी दुसरं काय सांगतो? आपल्याच बाजूला सगळं सत्य आहे असं धरू नका, समोरच्याची बाजू ऐका. पण ऐकणाऱ्यानं कान उघडे ठेवले आणि बोलणारी गप्प बसली तर त्या अनेकांतात आपला ‘अंत’ कुठून येणार?

हे अजून संपलेलं नाही म्हणून लिहिते आहे. कलम 15 वाचा. विवाहित स्त्री मृत्युपत्र न करता गेली, मुलं नाहीत, नवराही आधी गेलेला, तर तिनं स्वतः कमावलेली पै न पै कुणाला? नवऱ्याच्या वारसांना. तिच्या आईवडिलांचा क्रमांक त्यांच्या नंतर. पुरुषाच्या बाबतीत असं नाही. त्याची आई पहिल्या रांगेत उभी असते. एक खटला झाला होता. 1955 साली लग्न झालेल्या मुलीचा नवरा तीन महिन्यांत साप चावून गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. आईवडिलांनी शिकवलं, नोकरी लागली, तिनं पैसा साठवला, आणि 1996 साली मृत्युपत्र न करता ती वारली. आईनं हक्क सांगितला. सर्वोच्च न्यायालयानं 2009 साली म्हटलं की कायदा स्पष्ट आहे, केवळ सहानुभूतीवर निकाल देता येत नाही. ज्या घरानं तिला हाकललं त्या घराकडे, नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांकडे, तिची कमाई गेली.

गंमत अशी की निकालाच्या आदल्याच वर्षी, जून 2008 मध्ये, विधी आयोगानं 207 व्या अहवालात हेच कलम बदला म्हणून सांगितलं होतं: अशा स्त्रीची स्वकमाई सासर आणि माहेर दोघांच्या वारसांना सारखी जाऊ द्या. तो अहवाल कपाटात आहे आणि कलम 15 जागच्या जागी. आज आपल्या मुली बँकेत आहेत, हायटेक सिटीत आहेत, स्वतःच्या पगारातून फ्लॅट घेत आहेत. त्यांच्यासाठी हे कलम 1956 सालचंच आहे.

मग दोष आयोगाचा की आयोगाला कागदी वाघ करून ठेवणाऱ्यांचा? 1955 साली एम. सी. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र भारताचा पहिला विधी आयोग नेमला गेला. तेव्हापासून आजवर आयोग कोणत्या कायद्यानं उभा नाही. सरकार एक आदेश काढतं, तीन वर्षांसाठी नेमतं. नेमलं नाही तर आयोगच नाही. 21 व्या आयोगाची मुदत ऑगस्ट 2018 मध्ये संपली, 22 व्याला अध्यक्ष मिळाले नोव्हेंबर 2022 मध्ये. चार वर्षं खुर्ची रिकामी, आणि आपल्यापैकी कुणाला पत्ता नाही. इंग्लंडात 1965 पासून विधी आयोग संसदेच्या कायद्यानं उभा आहे, आणि 2009 च्या कायद्यानं तिथल्या मंत्र्याला दरवर्षी संसदेला सांगावं लागतं की आयोगाच्या कोणत्या सूचना अमलात आल्या, कोणत्या नाहीत आणि का नाहीत. हा शेवटचा ‘का’ आपल्याकडे हवा आहे.

सरकारला नकोसं वाटेल ते सांगायची हिंमत तर आपल्या आयोगानंही दाखवली आहे. सोलापूरचे न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा अध्यक्ष असताना 2015 च्या 262 व्या अहवालात आयोगानं म्हटलं की दहशतवादाचे आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे गुन्हे सोडून बाकी गुन्ह्यांना फाशी नको. सरकारनं ते मानलं नाही. पण ‘अहिंसा परमो धर्मः’ असे फलक लावणाऱ्या आपण त्या अहवालावर एक तरी चर्चा ठेवली का? आणि आयोगाचं ऐकलं की काय होतं तेही बघा. न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांच्या आयोगानं 1974 साली विवाह कायद्यावर 59 वा अहवाल दिला, 1976 साली कायदा बदलला, आणि परस्पर संमतीनं घटस्फोट शक्य झाला. त्याआधी सुटका हवी असणाऱ्या बाईला भर कोर्टात नवऱ्यावर किंवा स्वतःवर चिखल उडवून घ्यावा लागे.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. विधी आयोग कायद्यानं उभा करा, म्हणजे खुर्ची रिकामी ठेवायची सोय उरणार नाही. त्यात स्त्रिया नावापुरत्या नकोत, निम्म्या हव्यात. अहवालावर ठरलेल्या मुदतीत संसदेला उत्तर द्या, ‘नाही’ असलं तरी चालेल, पण कारणासकट. आणि प्रश्नावली तेलुगूत, मराठीत, उर्दूत काढा. मिळकतीचा प्रश्न जिच्या चुलीपर्यंत येतो तिला तो इंग्रजीत आणि तेही तीस दिवसांत विचारायचा, याला विचारणं म्हणत नाहीत.

बाकीचं आपल्याकडे आहे, मैत्रिणींनो. 2023 साली समान नागरी कायद्यावर आयोगानं मतं मागवली तेव्हा आपल्या फोनवर तयार मजकूर येऊन पडले, कुणी बाजूचे, कुणी विरोधातले, आणि आपण न वाचता पुढे ढकलले. ते मत नव्हे, ती टपाल हमाली. आपल्या महिला मंडळांत दर महिन्याला भिशी जमते, चातुर्मासात रोज व्याख्यानाला गर्दी असते, पर्युषणात आठ-आठ दिवस उपास करण्याइतका निग्रह आपल्यात आहे. त्यातली एक दुपार काढा. कलम 15 मोठ्यानं वाचा, समजलं नाही तर एखाद्या वकील मुलीला बोलवा, आणि आयोगाला पत्र लिहा. हातानं लिहा, मराठीत लिहा, स्वतःच्या घरातलं लिहा. कायदा बदलेपर्यंत वाट बघायची नसेल तर आजच मृत्युपत्र करा. साध्या कागदावर, स्वतःच्या सहीनं, दोन साक्षीदारांच्या समोर, त्यांच्याही सह्या घेऊन. त्याला स्टॅम्पपेपरसुद्धा लागत नाही.

संवत्सरीला आपण भावांना ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतो, तेही म्हणतात. क्षमा मागायची ती मनापासूनच मागावी. पण क्षमेनं दस्त दुरुस्त होत नाही, त्याला कायदा लागतो. आणि कायदा दुरुस्त करायला बसलेल्यांनी पुढच्या वेळी प्रश्न विचारला, तर उत्तरं सदुसष्टच येता कामा नयेत.